घड्याळ मुलांच्या हातात द्या

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात विमानाची प्रतिकृती तुम्ही नक्कीच पाहिली असेल. पुठ्ठ्याचे धड, त्यावर चंदेरी रंग, शेपटीवर तिरंगा आणि पंखांच्या टोकांना लुकलुकणारे दिवे! परीक्षक येतात, रंगकाम न्याहाळतात, दोन प्रश्न विचारतात आणि गुण देऊन पुढच्या टेबलाकडे वळतात. ते विमान उडेल का, हे मात्र कोणीच विचारत नाही. जे उडत नाही त्याला विमान म्हणून बक्षीस देणे म्हणजे न पोहणाऱ्या माणसाला उत्तम पोहण्याचा पोशाख केला म्हणून पदक देण्यासारखे आहे.

माझे म्हणणे असे की, शाळाशाळांतून मुक्त उड्डाणाच्या स्पर्धा भरल्या पाहिजेत आणि त्यांचा निकाल रंगावर न लागता घड्याळावर लागला पाहिजे. इतक्यावर बहुतेक शिक्षक मान डोलावतील. परंतु मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो, की ते घड्याळ विद्यार्थ्यांच्याच हातात असावे. नियम त्यांनी ठरवावेत, वेळ त्यांनी नोंदवावी, तंटेही त्यांनीच सोडवावेत. शिक्षकांनी मैदानाच्या कडेला उभे राहून फक्त सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे. असे का, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम मुक्त उड्डाण म्हणजे काय ते स्पष्ट करू. या प्रकारात विमानाला दोरी नसते, रेडिओ नसतो, दूरनियंत्रण नसते. हाताने फेकलेले, पीळ दिलेल्या रबरावर चालणारे किंवा दोरीने पतंगासारखे वर ओढून सोडलेले हे मॉडेल एकदा सुटले, की त्याच्यावर आपली काही सत्ता चालत नाही. जे काही करायचे ते आधीच करून ठेवावे लागते. पंखांची टोके किती उचलायची, नाकाला मातीचे वजन किती लावायचे, शेपटीचा कोन किती ठेवायचा, याची उत्तरे आपण जमिनीवर देतो आणि हवा ती तपासते. हवेइतका निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही. ती कोणाचा मुलगा कोण हे पाहत नाही.

हा छंद विमानापेक्षा जुना आहे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे आपले छोटे विमान जमलेल्या मंडळींसमोर उडवून दाखविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. सेकंदाला साडेतीन मीटरांहून थोडा अधिक वेग झाला. म्हणजे सायकलच्या संथ चालीइतका. पण ते कोणी सांभाळत नसताना आपला तोल आपणच राखीत गेले, आणि हीच त्यातली मोठी गोष्ट होती. वर उचललेली पंखांची टोके आणि मागची लहान शेपटी यांनी विमान स्थिर कसे राहते, हे त्या अकरा सेकंदांनी दाखवून दिले.

पेनोचे नाव आपल्याला आज का ठाऊक आहे? कारण साक्षीदार होते, अंतर मोजले होते, वेळ मोजली होती आणि ते लिहून ठेवले होते. आता आपल्याकडची एक कथा आठवा. १८९५ साली मुंबईत गिरगावच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडविल्याचे सांगतात. ही कथा महाराष्ट्रात घरोघर पोचली आहे. पण ते विमान किती वेळ हवेत होते, किती अंतर गेले, त्याचे वजन किती होते, याची त्या दिवसाची खात्रीलायक नोंद मिळत नाही. त्यामुळे सव्वाशेहून अधिक वर्षे एक बाजू अभिमानाने बोलते आणि दुसरी शंका घेते, यापलीकडे काही होत नाही. विज्ञानात अभिमानाने शंकेचे निरसन होत नसते. ते नोंदवहीने होते. ज्या विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः उड्डाणाची वेळ नोंदविली आहे, त्याला हा फरक कोणी समजावून सांगावा लागणार नाही. घड्याळ मुलांच्या हातात द्या असे मी म्हणतो, त्याचे पहिले कारण हे.

दुसरे कारण नियमांचे. सर्वांत जास्त वेळ उडेल तो जिंकला, एवढा एकच नियम पुरे, असे प्रथम वाटते. पण हवेत एक गंमत असते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर चढत असतात. त्यांना थर्मल म्हणतात. घारी पंख न हलविता घिरट्या घालीत उंच चढतात, त्या याच झोतांच्या आधाराने. समजा, तुमचे ग्लायडर शांत हवेत सेकंदाला अर्धा मीटर या गतीने खाली येते. आठ मीटर उंचीवर फेकले तर ते १६ सेकंदांत जमिनीवर टेकेल. पण ते सेकंदाला एक मीटर वर जाणाऱ्या झोतात सापडले, तर खाली येण्याऐवजी सेकंदाला अर्धा मीटर वर चढू लागेल. तीन मिनिटांत ते ९० मीटर आणखी उंच जाईल आणि बहुधा तुम्हाला पुन्हा दिसणार नाही.

आता दोन स्पर्धक घ्या. अ याच्या तीन उड्डाणांच्या वेळा ९, ११ आणि ७४ सेकंद. ब हिच्या वेळा २८, ३१ आणि २९ सेकंद. सर्वांत लांब उड्डाण धरले तर अ जिंकतो. तिन्हींची बेरीज केली तरी अ याचे ९४ आणि ब हिचे ८८, म्हणजे पुन्हा अ च जिंकतो. पण चांगले विमान कोणाचे? अ याचे विमान दोनदा धडपडले आणि तिसऱ्यांदा त्याला नशिबाने वर उचलले. ब हिचे विमान तिन्ही वेळा नेमके उडाले.

यावर जगभरच्या मुक्त उड्डाणवाल्यांनी काढलेला तोडगा फार सुंदर आहे. प्रत्येक उड्डाणाला वेळेची कमाल मर्यादा घालायची. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफ. ए. आय. च्या, प्रमुख गटांत ही मर्यादा सर्वसाधारणपणे तीन मिनिटांची असते. विमान दहा मिनिटे हवेत राहिले तरी पदरात १८० सेकंदच पडतात. आपल्या उदाहरणात ४० सेकंदांची मर्यादा घाला. अ याची बेरीज ६० होते आणि ब हिची ८८ च राहते. निकाल न्यायाने लागला! नशीब पूर्णपणे गेले नाही, पण त्याला वेसण बसली. सरासरी, मर्यादा, एकाऐवजी अनेक निरीक्षणे, या गोष्टी आपण गणिताच्या पुस्तकात कंटाळत वाचतो. येथे त्यांच्यावर पदक अवलंबून असते. म्हणून ही मर्यादा शिक्षकांनी फळ्यावर लिहून देऊ नये. मुलांनी आधी दोनतीन दिवस सराव करावा, शांत हवेत चांगले विमान किती वेळ उडते ते पाहावे आणि त्यावरून मर्यादा स्वतः ठरवावी.

उड्डाणे फेऱ्यांमध्ये घ्यावीत, हाही नियम असाच विचारातून निघतो. एका विद्यार्थ्याने आपली तिन्ही उड्डाणे सकाळी आठ वाजता निवांत हवेत उरकली आणि दुसऱ्याची पाळी साडेदहाला वारा सुटल्यावर आली, तर दोघांची तुलना कशी करायची? म्हणून पहिल्या फेरीत सर्वांनी एकेकदा उडवायचे, मग दुसरी फेरी, मग तिसरी. प्रत्येक फेरीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बरोबरी झाली तर त्या दोघांनी ठरलेल्या थोड्या अवधीत, वाढीव मर्यादेने पुन्हा उडवायचे, म्हणजे हवा दोघांना जवळजवळ सारखीच मिळते. प्रयोगात एक गोष्ट तपासताना बाकीच्या गोष्टी शक्यतो समान ठेवाव्यात, हे तत्त्व तुम्ही प्रयोगशाळेत शिकता. ते हेच.

आता घड्याळाकडे वळू. हल्ली प्रत्येक मोबाइलवर स्टॉपवॉच असते आणि ते सेकंदाचा शंभरावा भाग दाखविते. त्यावर भाळू नका. विमान टेकलेले दिसल्यापासून बोट बटणावर पडेपर्यंत सुमारे सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाच्या घड्याळात २१.४३ आणि दुसऱ्याच्या २१.७१ असे आले, तर शेवटच्या आकड्याला काय अर्थ राहिला? म्हणून प्रत्येक उड्डाणाला दोन वेळनोंदक हवेत. दोघांची सरासरी घ्यावी आणि पूर्ण सेकंदांवर जो अपूर्णांक उरेल तो सोडून द्यावा. जागतिक स्पर्धांतही असेच करतात. घड्याळ दाखविते ते सगळे खरे असते असे नाही, एवढे एक वाक्य जरी विद्यार्थी या स्पर्धेतून शिकला, तरी मी स्पर्धा सार्थकी लागली असे म्हणेन.

त्यातही प्रामाणिकपणाची खरी कसोटी लागते ती विमान दिसेनासे झाल्यावर. झाडामागे गेले, आता काय करायचे? एफ. ए. आय. चा नियम असा, की वेळनोंदकाने आणखी दहा सेकंद वाट पाहावी. विमान पुन्हा दिसले तर वेळ पुढे चालू ठेवावी. नाही दिसले तर घड्याळ थांबवून ते दहा सेकंद वजा करावेत. मला दिसले नाही म्हणजे ते पडले असे नव्हे, आणि मला दिसले नाही तरी ते उडतच असेल असेही नव्हे. या दोहोंच्या मधली वाट किती साधी आहे पाहा. वेळनोंदक म्हणून विद्यार्थ्यांनीच पाळीपाळीने काम करावे. आपल्या मित्राचे विमान झाडामागे गेलेले असताना दहा आकडे खरेपणाने मोजणे, हा नागरिकशास्त्राचा धडा आहे. तो पुस्तकात नाही.

तिसरा मुद्दा वादाचा आहे, आणि त्याबाबत माझे मत ठाम आहे. विमान ज्याने बांधले त्यानेच ते उडवावे. आज जगातील मोठ्या स्पर्धांत तयार भाग किंवा तयार मॉडेले विकत घेऊन उडविणारेही असतात. त्यांचे कौशल्य मी कमी लेखीत नाही. परंतु शाळेत तसे चालू दिले, तर स्पर्धा पालकांच्या पाकिटांची होईल. बाल्सा लाकूड महाग आहे आणि तालुक्याच्या गावी ते मिळतही नाही. मग बाल्साचा हट्ट कशाला? जाड कार्डशीट, बांबूच्या कामट्या, खोक्यातला थर्माकोल, पतंगाचा कागद, डिंक आणि रबर बँड यांतून उत्तम उडणारे विमान होते. शाळेने सर्वांना एकाच मापाचे कागद आणि एकाच बंडलातले रबर वाटावे आणि त्याबाहेरचे काही वापरू देऊ नये.

असे बंधन घालणे म्हणजे कल्पकतेला आडकाठी, असे कोणी म्हणेल. इतिहास उलट सांगतो. १९२८ साली ब्रिटनमध्ये सर चार्ल्स वेकफील्ड यांनी मॉडेल विमानांसाठी चषक दिला. रबरावर उडणाऱ्या मोठ्या मॉडेलांना त्यांचेच नाव आजही चिकटलेले आहे. या गटात रबर किती वापरायचे यावर मर्यादा असते. १९७०-८० च्या दशकात ती ४० ग्रॅम होती. आज ती ३० ग्रॅम आहे. विमाने सुधारत गेली तसे इंधन कमी करण्यात आले, आणि तरीही ती तीन मिनिटे गाठतात. दोरीने वर नेण्याच्या ग्लायडरांना ५० मीटरच दोरी मिळते. सर्वांना साधने सारखी आणि मोजकी दिली, की फरक पडतो तो डोक्याने आणि हाताने.

मैदानाचे गणितही विद्यार्थ्यांनीच करावे. वारा सेकंदाला तीन मीटर असेल आणि विमान ४० सेकंद हवेत असेल, तर ते १२० मीटर वाहून जाईल. तीन मिनिटे राहिले, तर ५४० मीटर. म्हणजे शाळेचे पटांगण लहान विमानालाही अपुरे पडण्याचा संभव आहे. पीक निघालेले मोकळे रान मिळाले तर उत्तम, पण मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि उभ्या पिकात कोणी धावू नये. रस्ता, रेल्वेमार्ग, विहीर किंवा विजेच्या तारा वाऱ्याच्या दिशेला असतील, तर ती जागा सोडून द्यावी. तारेवर किंवा उंच झाडावर अडकलेले विमान गेले असे समजावे. कोणत्याही विमानासाठी वर चढायचे नाही. विमानतळाच्या आसपास अशी स्पर्धा भरवू नये. विमान ठरल्या वेळी खाली यावे म्हणून पूर्वी शेपटीला जळती वात बांधीत. ती जळत दोऱ्यापर्यंत पोचली, की दोरा तुटे, शेपटी उचलली जाई आणि विमान छत्रीसारखे अलगद उतरे. युक्ती झकास होती, पण आपल्या वाळलेल्या गवताच्या रानात ती मुळीच नको. मोठ्या स्पर्धांतून आता त्याच कामाला छोटी घड्याळी यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक साधने वापरतात.

आणि एक गोष्ट आयोजकांना कडू लागेल, तरी सांगतो. वारा ठरविलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला, तर स्पर्धा पुढे ढकलावी. प्रमुख पाहुणे येऊन बसले असले तरीही! भाषणे, हारतुरे आणि दीपप्रज्वलन यांत सकाळचा शांत वारा निघून जातो आणि मग भर दुपारच्या वावटळीत मुलांची महिनाभराची मेहनत मोडते. पाहुण्यांना बोलवायचेच असेल, तर त्यांच्या हातात एक घड्याळ द्यावे आणि वेळनोंदकांच्या रांगेत उभे करावे.

काही शिक्षक म्हणतील, आमच्याकडे वेळ कुठे आहे? हिशेब करू या. बारा स्पर्धक आणि तीन फेऱ्या म्हणजे ३६ उड्डाणे. एका उड्डाणाला तयारीसह तीन मिनिटे धरली, तर १०८ मिनिटे लागतात. वेळनोंदकांच्या दोन जोड्या असतील, तर तासाभरात काम आटोपते. एका रविवारच्या सकाळी हे सहज बसते. दुसरे म्हणतील, मुले आता ड्रोन उडवितात, हे जुने खेळ कशाला? ड्रोन जरूर उडवावा. पण ड्रोनचा तोल त्यातला संगणक दर क्षणाला सांभाळतो. त्यामुळे तो का पडत नाही, हे उडविणाऱ्याला कळण्याची गरजच राहत नाही. मुक्त विमानात चूक लपत नाही. नाक जड झाले की ते सूर मारते, हलके झाले की लाटांसारखे वरखाली डुलते. एका चिमूटभर मातीने ते सुधारते आणि का सुधारले ते हातालाच कळते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांच्या हाती निकाल दिला तर भांडणे होतील. होतील, यात शंका नाही. पहिल्या वर्षी बरीच होतील. परंतु त्या भांडणांतूनच नियम तयार होतात. जागतिक नियमपुस्तकात असे एक कलम आहे, की काही प्रमुख गटांत पहिला प्रयत्न वीस सेकंदांपेक्षा कमी भरला, तर स्पर्धकाला पुन्हा एक संधी मिळते. हे कलम आकाशातून पडलेले नाही. हात निसटल्यामुळे किंवा झुळकीमुळे फसलेल्या उड्डाणाचे काय करायचे, हा प्रश्न मैदानावर उभा राहिला असणार, तेव्हाच असे कलम सुचते. तुमच्या शाळेचेही असे कलम तुम्हीच लिहा. शिक्षकांनी एवढेच पाहावे, की नियम स्पर्धेपूर्वी लिहिला जाईल आणि स्पर्धा चालू असताना कोणासाठीही बदलला जाणार नाही. बदल हवा असेल तर पुढच्या वर्षी.

विद्यार्थी मित्रहो, यंदाच्या हिवाळ्यात पहाटेचा वारा मंदावला, की तुम्ही अशी एक स्पर्धा जरूर भरवा. एक वही घाला. तीत स्पर्धकाचे नाव, फेरी, दोन्ही घड्याळांच्या वेळा, धरलेली वेळ, वाऱ्याची दिशा आणि शेरा असे रकाने आखा. तीस सेकंदांचे उड्डाण जितक्या काळजीने लिहाल, तितक्याच काळजीने तीन सेकंदांत नाकावर आपटलेले उड्डाणही लिहा, आणि त्यापुढे ते का आपटले असावे तेही लिहा. स्पर्धा संपली, की विजेत्याचे नाव तर फळ्यावर लागेलच. त्याच्या शेजारी त्या वहीची सगळी पाने लावा. पुढच्या वर्षी ज्याला विमान बांधायचे आहे, त्याला विजेत्याच्या नावापेक्षा ती पानेच अधिक उपयोगी पडतील.